ठिपकीनं गिळलेला जेट

"आज ही गाडी सुरू झाली नाही ना, तर मी हिला ओढ्यात ढकलून देईन! आणि मागं तुम्हाला बसवून ढकलीन, सांगून ठेवते!"

शिंपीण बोलली ती काही हळू बोलली नाही. सकाळचे आठ वाजत होते आणि गल्लीतल्या पाच घरांना एका दमात कळलं की बघूयाची मोटारसायकल पुन्हा बसली.

बघूया म्हणजे तिचा नवरा. आईबापांनी नाव चांगलंच ठेवलं होतं, पण ते आता फक्त कागदावर उरलेलं. कौल फुटलं? बघूया. विहिरीचा दोर झिजला? बघूया. बांध खचला? बघूया की! माणूस मनानं चांगला, अंगात रग अशी की शेतात उतरला तर दोघांचं काम एकटा उरकील. पण वस्तू मोडायच्या आधीच तिच्याकडं जरा बघायचं असतं, एवढं काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. गाडी नऊ वर्षांची. नऊ वर्षांत तिला पाणी लागलं ते पावसाचं. सीट दोरीनं बांधलेली, आरसा एकच, तोही आभाळ दाखवणारा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी कुठंतरी पडलं, तेव्हापासून तिथं प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेलं मक्याचं कणीस खुपसलेलं होतं. अशी ती गाडी आजवर चालली हेच नवल.

पण आजचा दिवस वेगळा होता. आज शिंपिणीची गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा होती. तिसरी. पहिल्या वेळी आठाचा आकडा काढताना गाडी मधोमध बंद पडली आणि साहेबानं वहीत काट मारली. दुसऱ्या वेळी "निघायचं का?" "बघूया," असं करता करता शहरात पोचले, तेव्हा ऑफिसची खिडकी बंद आणि आत शिपाई डबा खात बसलेला. शिकाऊ परवान्याची मुदत आज संपत होती. दुपारी एकच्या आत ती त्या मैदानात गाडीसकट उभी राहिली नाही, तर सगळं पहिल्यापासून. अर्ज, फोटो, रांगा, लेखी परीक्षा, सगळं.

आणि परवाना तिला काही मिरवायला नको होता. तिचं माहेर बावीस किलोमीटरवर, आडवाटेला, तिकडं बस जात नाही. आईचे गुडघे गेलेले, ती इकडं येऊ शकत नाही. आठ महिने शिंपीण नवऱ्याला विचारत होती, "आईकडं कधी नेणार?" आणि आठ महिने उत्तर तेच. आई फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" तेव्हा हिला तोंड लपवावंसं वाटायचं. तुझा जावई बघूया म्हणतो, असं आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून एके दिवशी तिनं शिवणाचं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "मलाच शिकवा गाडी." त्यावरही तो बघूया म्हणाला, पण त्या दिवशी तिनं ऐकलं नाही.

शहर तासाभराच्या वाटेवर. म्हणजे साडेअकराला चाक हललंच पाहिजे. दुसऱ्याची गाडी मागावी, तर मक्याचे दिवस, ज्याच्या त्याच्या गाड्या पहाटेच पोती बांधून बाजाराला गेलेल्या. गावात फिटर एकुलता एक, आणि तो नेमका भाच्याच्या लग्नाला परगावी.

"त्याला फोन लावा," शिंपीण म्हणाली.

"लग्नात आहे तो. उगाच कशाला..."

"लावा म्हणते ना!"

फोन लागला आणि अंगणात एकदम बँडचा धडाका सुरू झाला. स्पीकरवर टाकलेला. कोंबड्या दचकून भिंतीपाशी गेल्या.

"कोण? बघूया? काय रे, काय झालं?" फिटर ओरडत होता.

"गाडी चोक ओढला की चालते, सोडला की मरते!" बघूयाही ओरडला.

"कार्बोरेटर तुंबलाय! शेवटचा साफ कधी केलास?"

बघूयानं शिंपिणीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "म्हणजे... तो साफ करायचा असतो?"

पलीकडं क्षणभर नुसता बँड वाजला. मग फिटर कुणालातरी सांगताना ऐकू आला, "अहो, ऐकलं का? नऊ वर्षं झाली, यानं कार्बोरेटर उघडला नाही!" त्यावर लग्नातली दहा-वीस माणसं खदाखदा हसली. न बघितलेल्या माणसांनी, परगावात, लग्नाच्या मांडवात आपल्या घरच्या गाडीला हसावं! शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी," तिनं फोन ओढून घेतला, "हसायचं नंतर बघा. घरच्या घरी होईल का, ते सांगा."

"वहिनी, होईल की! पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटर खाली उतरवा, वाटी उघडा, पेट्रोलमध्ये धुवा. त्यात दोन पितळी जेट असतात, त्यांची भोकं मोकळी करा. बाजूला एक छोटा स्क्रू आहे, तो काढायच्या आधी किती फेरे आत आहे ते मोजा. आणि एक ऐका, जेटमध्ये सुई अजिबात घालू नका! भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल ढोसत सुटेल. आणि काढलेली एकेक वस्तू..." तेवढ्यात बँडवाल्यांनी नवीन गाणं धरलं आणि फोन कट झाला.

काढलेल्या वस्तूंचं काय करायचं ते राहूनच गेलं. तिथंच घोळ झाला.

"हे काय अवघड आहे?" म्हणत बघूयानं बाह्या सरसावल्या. गाडी अंगणात पिंपळाच्या सावलीत घेतली, कॉक बंद केला, पान्हा घेतला आणि असा काही भिडला की आठ महिन्यांचा आळस एका सकाळी भरून काढणार. इंजिनाची हवा गाळणाऱ्या डब्याचं झाकण उघडलं. आत हात घातला. आणि आतून काहीतरी काळं, तेलकट, गोळा झालेलं फडकं बाहेर ओढलं.

शिंपीण वाकली. फडक्याचा एक कोपरा तेवढा बरा होता. त्यावर निळी फुलं होती.

"हा माझा अभ्रा आहे," ती हळूच म्हणाली.

बघूयाचा हात हवेतच थांबला. "कुठला अभ्रा?"

"उशीचा! निळ्या फुलांचा! दोन वर्षांपूर्वी हरवलेला! ज्याच्यावरून मी आत्याबाईंना नाही नाही ते बोलले!"

आता आत्याबाई म्हणजे बघूयाच्या बापाची थोरली बहीण. काळजानं मऊ, जिभेनं तिखट, आणि घरातल्या साती कोंबड्यांची मालकीण. अभ्रा हरवला तेव्हा शिंपीण म्हणाली होती, तुम्हीच कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला असेल. आत्या म्हणाली होती, तुझा अभ्रा मला पाय पुसायला नको. दोघी पंधरा दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भाकरीसुद्धा मध्ये बघूयाला उभं करून, "तिला सांग वाढायला," अशी वाढली जात होती.

आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पायरी उतरली, अभ्रा चिमटीत धरला, वास घेतला.

"म्हणजे तू चोरलास?" ती भाच्याला म्हणाली. "मधे उभा राहून पंधरा दिवस भाकरी वाहत होतास, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"आत्या, डब्यातली जाळी फाटली होती. तात्पुरतं लावलं. म्हटलं, नंतर बघूया..."

"परत तो शब्द काढलास तर तुझ्या तोंडात हाच बोळा कोंबीन!"

शिंपिणीला हसूही आलं आणि भरूनही आलं. "आत्याबाई, चुकलं माझं," ती म्हणाली. आत्यानं हात झटकला. "राहू दे गं. आधी या चोराकडून तुझी गाडी करून घे." झालं! दोन वर्षांची अढी अशी एका काळ्या फडक्यात निघाली. आणि आता अंगणात दोघी एकीकडं, बघूया एकीकडं.

त्यानं निमूट कार्बोरेटर उतरवला. खालच्या वाटीचे स्क्रू इतके गंजलेले की तिसरा स्क्रू फिरेना. शेजारचे निवृत्त मास्तर दात घासत कुंपणाशी आले होते, ते म्हणाले, "उलट्या दिशेनं फिरव." "उलट्याच दिशेनं फिरवतोय, मास्तर!" "मग सुलट्या दिशेनं फिरवून बघ." अखेर आत्यानं चुलीवरचं उकळतं पाणी आणून ओतलं, तेव्हा स्क्रू कुरकुरत सुटला.

वाटी उघडली. आत पेट्रोल असं नव्हतंच. तळाशी पाणी, त्याच्यावर तांबडा गंजाचा गाळ, मक्याच्या कणसाचं तूस, आणि मधोमध एक मेलेली मोठी मुंगी पाय वर करून पडलेली.

"अरे देवा," मास्तर म्हणाले, "ही तर पोहायला उतरली होती!"

 बघूया खाली मान घालून एकेक भाग सोडवत गेला. पेट्रोलवर तरंगणारा तरंगा, त्याची तारेएवढी पिन, पेट्रोल अडवणारी सुई, मोठा जेट, छोटा जेट. शिंपीण म्हणाली, "थांबा, मी कापड आणते, त्याच्यावर ओळीनं मांडा." ती आत गेली. कापड शोधायला असा कितीसा वेळ लागतो? पण बघूयाला दम निघाला नाही. हाताशी जी परात होती तिच्यातच त्यानं सगळं टाकलं. खण्ण! खण्ण! टण्ण!

ती परात कोंबड्यांची होती.

नऊ वर्षं गाडीला कुणी हात लावला नसेल, पण सहा वर्षं आत्या रोज सकाळी त्या परातीत मक्याचे दाणे टाकत होती. खण्ण आवाज आला की साती कोंबड्या जिथं असतील तिथून पळत सुटत. आणि आजच्या गोंधळात त्यांना सकाळपासून कुणी दाणा घातला नव्हता.

बघूया पान्हा पुसत होता. त्याची पाठ परातीकडं होती. शिंपीण कापड घेऊन उंबऱ्यावर आली आणि किंचाळली. सात चोची परातीत टकाटक चालल्या होत्या. "हाट! हाट!" परात उलटली, पंख फडफडले, मातीत तरंगा घरंगळला, मास्तर कुंपणावरून धावले. कोंबड्या पांगल्या तेव्हा शिंपिणीनं गुडघ्यांवर बसून एकेक भाग गोळा केला. तरंगा आहे. पिन आहे. सुई आहे. मोठा जेट आहे.

छोटा जेट नाही.

तिनं माती चाळली. बोटांनी, मग चाळणीनं. तो असतोच केवढा, मक्याच्या दाण्याएवढा! पिवळा, चकचकीत, मक्याच्या दाण्यासारखाच. तिला कळून चुकलं. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

ती तशीच मातीत बसून राहिली. "आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी तुम्हाला विचारतेय. एकदा तरी हो म्हणाला असतात, नाहीतर नाही तरी म्हणाला असतात, तर मी चालत गेले असते! बावीस किलोमीटर काय जास्त आहेत का?" आणि रडायची नाही असं ठरवलेलं असूनही ती रडली.

बघूया तिच्यासमोर उभा होता, हातात पान्हा, हाताला काळं, नाकालाही काळं.  जो शब्द त्याला येत होता तो आज बोलायची सोय नव्हती. तो एकदम म्हणाला, "कुठल्या कोंबडीनं खाल्लाय ते शोधतो!" आणि कोंबड्यांच्या मागं धावला.

मग जे झालं ते गल्लीनं पुढं वर्षभर सांगितलं. बघूया तांबडीच्या मागं, तांबडी मास्तरांच्या अंगणात. मास्तरांनी वाळत घातलेल्या धोतराखालून कोंबडी गेली, धोतरासकट बघूया गेला. काळी आणि लंगडी मक्याच्या ढिगात घुसल्या. ढीग घसरला, कणसं गडगडत रस्त्यापर्यंत गेली. वारं सुटलेलं, मक्याचं तूस उडत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांत, तोंडात, केसांत. मास्तर घरातून एक मोठं लोहचुंबक घेऊन आले आणि सापडेल त्या कोंबडीच्या पोटाला लावू लागले.

"मास्तर, जेट पितळेचा आहे!" शिंपीण ओरडली.

"मग?"

"पितळ चिकटत नाही!"

मास्तर थबकले. चाळीस वर्षं हेच पोरांना शिकवलं होतं. चुंबक हळूच खिशात घालून ते म्हणाले, "खात्री करून घेत होतो."

"थांबा सगळे!" आत्या म्हणाली. "माझ्या कोंबड्यांना काय तुम्ही मारून टाकणार का?" तिनं परात उचलली, भिंतीला टेकून बसली आणि पाटावर बोट वाजवावं तसं परातीवर बोट वाजवलं. खण्ण, खण्ण. आणि काय सांगावं, साती जणी चालत आल्या! आत्यानं एकेकीला मांडीवर घ्यायचं, गळ्याखालच्या पिशवीवरून बोटं फिरवायची, सोडून द्यायचं. कोंबडीनं दाणे खाल्ले की ते आधी तिथंच साठतात. "हिच्या पोटात काही नाही, उपाशी आहे बिचारी. हिच्यात खडे. हिच्यात..." ठिपकी मांडीवर आली तेव्हा आत्याची बोटं थांबली. ठिपकी तिची सगळ्यात लाडकी.

"हिच्यात काहीतरी टोकदार लागतंय."

"सुरी आणू का?" बघूया धापा टाकत म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागं सरकला. "सुरी आण. आधी तुझंच पोट फाडून बघते, अजून काय काय चोरलंस ते!"

मग आत्यानं शिंपिणीकडून चमचाभर गोडं तेल घेतलं, ठिपकीच्या चोचीत सोडलं. तिला अलगद डोकं खाली करून धरलं आणि दोन बोटांनी गळा वरच्या बाजूनं चोचीकडं चोळत आणला. "हे कुणीही उठून घरी करायचं काम नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली. "माझं आयुष्य कोंबड्यांत गेलंय म्हणून." पहिल्यांदा एक दाणा पडला. मग तीन दाणे. मग एक शिंपल्याचं बटण.

"अगंबाई!" शिंपीण ओरडली. "मास्तरांच्या सदऱ्याचं बटण! दोन दिवस शोधतेय मी!"

मास्तरांनी बटणाकडं बघितलं, कोंबडीकडं बघितलं. "मला दुसरं चालेल," ते म्हणाले.

आणि मग ठिपकीनं मान झटकली, खॅक करून आवाज काढला, आणि परातीत टण्ण झालं.

बघूयानं उडीच मारली. खरोखर, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. आत्यानं ठिपकीला सुलटी करून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ठिपकी मान ताठ करून, कुणाकडंही न बघता, खुराड्यामागं निघून गेली. तिचा राग संध्याकाळपर्यंत गेला नाही.

दहा पन्नास झाले होते. शिंपिणीनं डोळे पुसले आणि पदर खोचला. "आता कुणी कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. तिनं ओट्यावर पांढरं कापड पसरलं. कपडे बेतायचा निळा खडू घेतला आणि एकेक भाग कापडावर ठेवून त्याच्याभोवती रेघ ओढली, बाजूला आकडा घातला. शेवटी निघालेला एक, त्याच्या आधीचा दोन. मशीन उघडून तेल देताना ती गेली चौदा वर्षं असंच करत आली होती. तिच्या मशीनचा एक स्क्रू कधी हरवला नव्हता.

"तुम्ही धुवा," ती नवऱ्याला म्हणाली. बघूया मुकाट्यानं पेट्रोलच्या वाटीत ब्रश बुडवून गाळ काढायला बसला. वाटी घासली, तरंगा घासला, मुंगीला मातीत पुरलं. छोटा जेट मात्र तिनं स्वतः घेतला. सुई घालायची नाही. मग काय? मशीनची धूळ झाडायचा तिचा एक जुना ब्रश होता, त्याचा एक केस तिनं उपटला, भोकात घातला. शिरेना. पेट्रोलचा थेंब सोडला, फुंकर मारली, परत घातला. तिसऱ्यांदा केस पलीकडं आला आणि त्याच्या टोकाला तांबड्या गाळाचा एक कण होता. मोहरीच्या दाण्याहून लहान. एवढ्याशा कणानं तिला आठाच्या आकड्यात मधोमध थांबवलं होतं!

तिनं जेट उन्हाकडं धरला, एक डोळा मिटला. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला नेम शिकवावा लागत नाही. भोकातून गोल, पांढरा, लख्ख उजेड दिसला. तिला इतका आनंद झाला की तिनं तो आत्याला दाखवला, आत्यानं मास्तरांना, मास्तरांनी चष्मा पुसून बघितला आणि म्हणाले, "उत्तम." बघूयानं विचारलं, "मला?" त्याला सगळ्यात शेवटी दाखवला.

जोडायला ती स्वतः बसली. आकड्याप्रमाणं, खडूच्या रेघेतून उचलायचं आणि लावायचं. कापडावर एकेक घर रिकामं होत गेलं. बाजूचा स्क्रू राहिला.

"हा किती फेरे आत होता?" तिनं विचारलं.

बघूया ब्रश आणखी जोरात झटकायला लागला.

"मोजलात का?"

"मोजायचं... मनात होतं."

पुन्हा फोन लावला. या वेळी बँड नव्हता, जेवणावळ चालली असावी, फिटरचं तोंड भरलेलं होतं. "वहिनी, हलक्या हातानं पूर्ण आत घाला, आणि मग दीड फेरा मागं या. गाडी सुरू झाली की कानानं ठरवा." कानानं! शिंपिणीला हे फार पटलं. मशीनचा दोरा घट्ट की सैल हे ती कानानंच ठरवायची.

अकरा पंचवीस. बघूयानं किक मारली. काही नाही. दुसरी मारली. दहावी मारली. घामानं सदरा पाठीला चिकटला, गाडी नुसती खाँक खाँक करत होती. शिंपिणीचा चेहरा उतरला. मास्तर म्हणाले, "कदाचित मुंगीची सवय झाली असेल." कुणी हसलं नाही.

"काय रे," आत्या ओट्यावरून म्हणाली, "सकाळी तू ती टाकीखालची चावी फिरवलीस ना, कसलंसं बंद केलंस, ती कुणी परत उघडली का?"

बघूयानं खाली बघितलं. कॉक बंद. पेट्रोल येणार कुठून?

कॉक उघडला. किक मारली. गाडी खोकली, ढेकर दिली, निळ्या धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली! साती कोंबड्या छपरावर. शिंपीण वाकली, स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवला, डोळे मिटून ऐकलं. धडधड होती ती फटफट झाली, फटफट होती ती गुरगुर झाली. चोक सोडला. गाडी मेली नाही.

"चढा मागं!" ती नवऱ्याला म्हणाली. शिकाऊ माणसाच्या मागं परवानावाला बसावा लागतो, म्हणून, नाहीतर तिनं त्याला नेलाच नसता. आत्यानं उरलेलं तेल पाठीला लावावं तसं गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. मास्तर रस्त्यातली कणसं बाजूला करत पुढं पळाले.

वाटेत नाल्याजवळ खड्डा आला, चढ आला, मक्याच्या गाड्यांची रांग आली. गाडी कुठं बसली नाही. बघूया मागून "हळू, हळू" करत होता. "गप्प बसा!" ती म्हणाली. खिडकीशी पोचले तेव्हा बारा चाळीस. शिपायानं डबा सोडायला घेतला होता. साहेबानं तिच्या केसांतलं मक्याचं तूस बघितलं, बघूयाच्या काळ्या नाकाकडं बघितलं, आणि म्हणाला, "काढा आठ." तिनं काढला. एकदा, आणि त्यानं न सांगताच परत एकदा. पाय कुठं टेकला नाही. मैदानाच्या कडेला बघूया एकटाच टाळ्या वाजवत होता, इतक्या जोरात की साहेबानं त्याला गप्प केलं.

पुढच्या आठवड्यात परवाना हातात आला. त्याच दिवशी सकाळी शिंपिणीनं गाडी पुसली, टाकीला नवं झाकण बसवलं, हवेच्या डब्यात नवी जाळी लावली आणि कणीस कोंबड्यांपुढं टाकलं. डब्यात आईसाठी भाजी भरली. आत्या नवी चप्पल घालून दारात तयार होती. तिनं आयुष्यात मोटारसायकलवर पाय ठेवला नव्हता, पण आज तिला यायचंच होतं. "ठिपकीची अंडी मी स्वतः विहिणीच्या हातात देणार," असं म्हणून अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन ती मागं बसली.

बघूया ओट्यावर उभा होता. घरात भाकरी आहे ना, दूध तापवलंय ना, कोंबड्यांना दाणे कुठं आहेत, सगळं विचारून झालं. गाडी सुरू झाली. एका किकमध्ये. तेव्हा त्याला एकदम काहीतरी विचारायचं राहिल्यासारखं वाटलं.

"अगं, परत कधी येणार? संध्याकाळपर्यंत याल ना?"

शिंपिणीनं गिअर टाकला. मान वळवली नाही, पण आवाज मात्र साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा काढला.

"बघूया!"

आत्या इतकी हसली की टोपलीतली अंडी एकमेकांवर आपटली. मास्तर कुंपणाशी दात घासत होते, त्यांना ठसका लागला. गाडी वळणावरून गेली, तिचा आवाज मक्याच्या रानापलीकडं गुरगुरत राहिला, आणि मग तोही गेला.  बघूयाही हसला. कोंबड्या पायात येऊन ओरडायला लागल्या होत्या. त्यानं परात घेतली, आणि दाणे टाकायच्या आधी तिच्यात सगळीकडून नीट बोट फिरवून बघितलं.